थंडी आली, हमिंगबर्डचा फीडर काढायचा की ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाच्या डेकवर टांगलेल्या फीडरवर, म्हणजे साखरपाण्याच्या भांड्यावर, उन्हाळाभर हमिंगबर्ड येत होते. ऑक्टोबर उजाडला, पहाटे गारठा सुरू झाला आणि शेजाऱ्यांनी सांगितलं, "फीडर काढून टाका, नाहीतर पक्षी दक्षिणेला जायचेच नाहीत, इथेच गारठून मरतील." तिकडे सिॲटलजवळ राहणारी बहीण म्हणते, तिच्याकडे नाताळातही हमिंगबर्ड येतात आणि ती फीडर कधीच काढत नाही. मग खरं कोणाचं? थंडीत साखर वाढवायची का? पाणी गोठलं तर काय? आणि डिसेंबरात भारतात गेलो तर मागे पक्ष्यांचं काय?

शेजाऱ्यांचं म्हणणं मनातून काढून टाका. मी ओरेगनमध्ये राहते आणि इथल्या एका पक्षी-शुश्रूषा केंद्रात बऱ्याच वर्षांपासून हमिंगबर्डची देखभाल करते. दर शरद ऋतूत आमच्याकडे फोनवर हाच प्रश्न येतो. विचारणाऱ्याला पक्ष्याची कळकळ असते, म्हणूनच तो विचारतो. पण फीडरमुळे हमिंगबर्ड थांबतो ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे नेमक्या गरजेच्या आठवड्यात पक्ष्याच्या तोंडचं खाणं काढून घेतलं जातं.

अमेरिकेच्या पूर्व भागात घरटी करणारा हमिंगबर्ड एकच, रूबी-थ्रोटेड. नराचा गळा लालभडक, म्हणून हे नाव. जायची वेळ झाली हे त्याला दिवसाच्या लांबीवरून कळतं. जुलै सरत आला, दिवस आखडू लागले की शरीरात बदल सुरू होतात, भूक वाढते, अंगात चरबी साठू लागते. एरवी तीन ग्रॅमच्या आसपास असणारा हा जीव निघण्याआधी जवळजवळ दुप्पट वजनाचा होतो. त्यातले कित्येक मेक्सिकोच्या आखातावरून एका दमात सुमारे ८०० किलोमीटर उडून जातात, खाली समुद्र आणि टेकायला जागा नाही. आता प्रौढ नर कधी निघतात ते बघा. जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये. तेव्हा बागा फुललेल्या असतात, किडे मुबलक असतात, घरोघरचे फीडर भरलेले असतात. खाण्याच्या मोहाने थांबायचं असतं तर ते तेव्हाच थांबले असते.

नरांच्या मागून माद्या जातात आणि सगळ्यांत शेवटी त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं. त्यांना वाट दाखवायला कोणी नसतं, कळपही नसतो; प्रत्येक पिल्लू एकटं निघतं आणि आयुष्यात कधी न पाहिलेल्या ठिकाणी जाऊन पोहोचतं. सप्टेंबरअखेरीला किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या डेकवर दिसणारा पक्षी बहुधा असंच एखादं पिल्लू असतो. ते तुमच्या अंगणातलं असेलच असं नाही. उन्हाळ्यातले तुमचे पाहुणे एव्हाना पुढे गेलेले असतात आणि हे कॅनडातून खाली येता येता दोन दिवस टेकलेलं असतं. पहिल्या हिमदवाने फुलं काळी पडलेली, किडे कमी झालेले, आणि पुढचा प्रवास अजून शेकडो मैलांचा. अशा वेळी तुमचा फीडर त्याच्या कामाचा असतो.

म्हणून माझा नियम साधा आहे: शेवटचा पक्षी दिसल्यानंतर किमान दोन आठवडे फीडर ठेवायचा. दोन आठवड्यांत दुसरा कोणी दिसला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. न्यू जर्सीत याचा अर्थ ऑक्टोबरअखेरपर्यंत तरी. तुमचा उत्साह टिकला तर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत ठेवा, आणि त्याला कारण आहे.

ऑक्टोबरच्या मध्यानंतर पूर्व किनाऱ्यावर एखादा हमिंगबर्ड दिसला, तर तो रूबी-थ्रोटेड नसण्याची शक्यता बरीच असते. पश्चिमेकडचा रूफस हमिंगबर्ड, वीटकरी-तांबूस रंगाचा, दर वर्षी थोड्या संख्येने पूर्वेकडच्या राज्यांत येतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये न्यू जर्सीतही, विशेषतः राज्याच्या दक्षिण टोकाला केप मेच्या बाजूला, तो दिसलेला आहे. लोक त्याला भरकटलेला समजून हळहळतात. एवढं हळहळायचं कारण नाही. हा पक्षी थेट अलास्कापर्यंत जाऊन घरटी करतो, थंड रात्री त्याच्या सवयीच्या आहेत. जानेवारी २०१० मध्ये फ्लोरिडातल्या टॅलाहॅसी शहरात एका रूफस मादीच्या पायात नंबर कोरलेलं बारीक कडं घातलं गेलं. त्याच वर्षी जूनअखेर ती अलास्कातल्या चेनेगा बे इथे पुन्हा हाती लागली. दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर साडेतीन हजार मैलांहून जास्त. म्हणजे हिवाळा पूर्वेकडे काढलेला पक्षी वसंतात आपल्या घरी व्यवस्थित परत गेला. तेव्हा नोव्हेंबरात असा पाहुणा आला तर फीडर काढून त्याला 'हाकलू' नका. फोटो काढा, ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करा आणि तुमच्या राज्यातल्या परवानाधारक बँडरला (पक्ष्यांच्या पायात असं कडं घालणाऱ्याला) कळवा. स्वतः पकडायच्या भानगडीत मात्र पडू नका. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

आता बहिणीकडची गोष्ट. सिॲटलला हिवाळ्यात दिसणारा पक्षी वेगळा, त्याचं नाव ॲनाज हमिंगबर्ड. नराचं डोकं आणि गळा उन्हात गुलाबी-किरमिजी चमकतो, सावलीत तोच काळपट दिसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या बाहा भागापुरता होता. मग लोकांनी बागांत हिवाळ्यात फुलणारी झाडं लावली, निलगिरी आली, फीडर टांगले गेले, आणि पक्षी हळूहळू उत्तरेला सरकत ओरेगन, वॉशिंग्टन, पार ब्रिटिश कोलंबियापर्यंत पोहोचला. आज तो इथे बारा महिने राहतो. व्हँकुव्हरच्या लोकांनी २०१७ मध्ये त्याला आपल्या शहराचा पक्षी म्हणून निवडलं. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठाच्या फीडरवॉच उपक्रमातल्या (लोक आपापल्या फीडरवरचे पक्षी मोजून कळवतात) नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या पक्ष्याचं उत्तरेला सरकणं माणसांच्या वस्तीशी आणि फीडरांशी जोडलेलं आहे, असं त्यातून दिसलं.

याचा अर्थ असा की बहिणीच्या अंगणातला पक्षी काही जायचा राहिलेला नाही. तो तिथलाच रहिवासी आहे. म्हणून तिने फीडर काढू नये हे बरोबरच, पण तिची जबाबदारी तुमच्यापेक्षा मोठी आहे. तुमचा फीडर चुकला तर वाटसरू पुढच्या गावात जेवेल. तिचा फीडर जानेवारीच्या बर्फाळ पहाटे गोठलेला असला, तर तिथल्या पक्ष्याला जवळपास फारसं काही मिळणार नाही.

पहाटेवर मी एवढा जोर का देते, ते समजून घ्यायला हमिंगबर्डची रात्र कशी जाते ते बघावं लागेल.

या पक्ष्याचं शरीर दिवसा सुमारे ४० अंश सेल्सियसवर चालतं. उडताना हृदयाचे ठोके मिनिटाला हजाराच्या वर जातात. उडायला लागणारं बहुतेक इंधन नुकत्याच प्यायलेल्या साखरेतून येतं. आत्ता प्यायलेली साखर अर्ध्या-पाऊण तासात पंखांत खर्च होत असते. साडेचार ग्रॅमच्या ॲनाजला दिवसाला साधारण दोन ग्रॅम साखर लागते, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मी. आपल्या नेहमीच्या साखरपाण्याच्या हिशेबात हे दोन चहाचे चमचे होतात. थंडीत अर्थातच जास्त.

रात्री खाणं नाही. मग संध्याकाळी अंधार पडता पडता तो पुन्हा पुन्हा फीडरवर येतो, गळ्यातली पिशवी भरून घेतो, आणि पुढची रात्र अंगावरच्या चरबीवर काढतो. हिवाळ्यात ही रात्र सिॲटलला पंधरा तासांहून लांब असते. चरबी पुरणार नाही असं झालं की पक्षी एका विलक्षण अवस्थेत जातो. इंग्रजीत तिला टॉर्पर म्हणतात. आपण रात्रीपुरती शीतनिद्रा म्हणू. शरीराचं तापमान भोवतालच्या हवेबरोबर उतरत जातं, ठोके मिनिटाला पन्नासच्या आसपास येतात, श्वास तर दिसतसुद्धा नाही. पेरूच्या अँडीज पर्वतात राहणाऱ्या ब्लॅक मेटलटेल नावाच्या हमिंगबर्डचं शरीर रात्री ३.३ अंश सेल्सियसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. पहाटे जागं व्हायचं तर स्नायू थरथरवून शरीर पुन्हा तापवावं लागतं. त्याला वीस मिनिटांपासून तासभर लागू शकतो आणि उरलीसुरली चरबी त्यातच जाते.

म्हणजे उजाडल्यावर पहिल्यांदा डहाळीवरून उडणारा हमिंगबर्ड हा दिवसभरातला सर्वांत रिकामा हमिंगबर्ड असतो. त्या पहिल्या अर्ध्या तासात त्याला पातळ, न गोठलेलं साखरपाणी मिळालं पाहिजे. सकाळी नऊला चहा झाल्यावर तुम्ही गरम पाण्याने फीडर वितळवलात तर ते उशिराचं आहे. थंडीत फीडर चालवणाऱ्याने एवढी एक गोष्ट सांभाळली तरी खूप झालं: उजाडायच्या आधी फीडर बाहेर, आणि अंधार पडेपर्यंत बाहेर. मधल्या दिवसाचं तो कसंही निभावून नेतो. बारीक किडे टिपतो, कोळी खातो, सॅपसकर नावाच्या सुतारपक्ष्याने झाडाला पाडलेल्या भोकांतून पाझरणारा रस पितो.

साखरेचं प्रमाण. एक वाटी साधी पांढरी साखर, त्याच वाटीने चार वाट्या पाणी. बारा महिने हेच. कोमट पाण्यात ढवळून विरघळवा, गार करा, झालं. पाक करायचा नाही, उकळायचीही गरज नाही, नळाचं पाणी चालतं. उरलेलं फ्रिजमध्ये एक-दोन आठवडे राहतं. गढूळ दिसलं किंवा आंबूस वास आला तर ओतून द्या.

मराठी घरांतून मला हमखास विचारलं जातं: गूळ घातला तर? मध? खडीसाखर? गूळ आपल्यासाठी चांगला म्हणून त्यांच्यासाठी चांगला, असं नाही. गुळात आणि ब्राउन शुगरमध्ये लोह असतं आणि हमिंगबर्डच्या शरीराला ते जास्त झालं की साठत जाऊन त्रास देतं. मध पाण्यात मिसळला की लवकर आंबतो, त्यात बुरशी धरते. पिठीसाखरेत मक्याचं पीठ मिसळलेलं असतं. खडीसाखर ही साखरच, पण साधी साखर घरात असताना ती कुटत बसायला कशाला हवी? लाल सरबत, रोझ सिरप, खाण्याचा लाल रंग यांतलं काहीही नको. पक्ष्याला लाल रंग दिसावा लागतो तो फीडरवर, आणि तो तिथे असतोच. शुगर-फ्री गोळ्या घालणं म्हणजे तर त्याला उपाशी ठेवणं. त्यात इंधनच नाही.

थंडीत साखर वाढवावी का? कडाक्याच्या दिवसांत एकास तीन केलं तरी चालतं, पक्ष्याला दर घोटात थोडं जास्त मिळतं. त्यापलीकडे जाऊ नका. बरेच जण दाट पाणी गोठत नाही या आशेने करतात, म्हणून हिशेब सांगते. एकास चारचं साखरपाणी साधारण उणे १ अंश सेल्सियसला गोठू लागतं, एकास तीनचं उणे दीडला. म्हणजे एवढं करून जेमतेम अर्धा अंश पदरात पडतो. बाहेर उणे ६ असेल तर दोन्ही गोठणार. गोठण्यावर उपाय उष्णतेचा, साखरेचा नाही. आणि कोणी मीठ, अल्कोहोल किंवा तसलं काही घालायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

पूर्ण गोठण्याच्या आधी काय होतं ते एकदा जवळून बघा. बर्फ होतो तो पाण्याचा. साखर मागे उरलेल्या द्रवात राहते. त्यामुळे अर्धवट गोठलेल्या फीडरमध्ये वर पाणचट बर्फाचा पापुद्रा आणि खाली दाट, चिकट पाक असतो. सगळ्यात आधी गोठतात ती फुलाच्या आकाराची छोटी भोकं, कारण तिथे थेंबभरच पाणी असतं. बाहेरून बाटली पातळ दिसते आणि पक्षी मात्र बंद दारावर चोच आपटत असतो. म्हणून खिडकीतून बघून समाधान मानू नका. बाहेर जा, भोकावर बोट ठेवून बघा. अर्धवट गोठलेलं घरात आणून वितळवा, नीट ढवळा, मगच पुन्हा लावा.

गोठू न देण्याचे मार्ग, मला पटलेल्या क्रमाने सांगते. सर्वांत बिनखर्चाचा म्हणजे दोन फीडर. रात्री अंधार पडल्यावर बाहेरचा आत घ्या; सकाळी उजाडण्याआधी खोलीच्या तापमानाचा बाहेर लावा; दिवसाही कडाका असेल तर दोन-तीन तासांनी अदलाबदल करा. कोमट साखरपाण्याचा आणखी एक फायदा आहे. थंडगार द्रव प्यायल्यावर तो शरीराच्या तापमानाला आणायला पक्ष्याला स्वतःचीच ऊर्जा खर्चावी लागते. मात्र गरम नको. मनगटावर थेंब टाकून बघा, काही जाणवलं नाही पाहिजे.

रोज पहाटे उठणं ज्यांना जमत नाही (रात्रपाळी करणारे, लहान मुलं असणारे), त्यांनी हीटर असलेला फीडर घ्यावा. खाली छोटा बल्ब किंवा तापणारी तबकडी असते, प्लग लावला की काम झालं. वायर बाहेर वापरायची असली पाहिजे आणि प्लग पावसापासून सुरक्षित असलेल्या सॉकेटमध्येच. आमच्या भागात लोक फीडरभोवती नाताळच्या जुन्या पद्धतीच्या, तापणाऱ्या बल्बच्या माळाही गुंडाळतात. हलक्या थंडीत त्या चालतात. एलईडीच्या माळेचा उपयोग नाही, ती तापतच नाही. क्लँपचा दिवा लावणार असाल तर तो फीडरपासून हातभर दूर आणि घट्ट बसवा. प्लॅस्टिक वितळलेलं आणि लाकूड करपलेलं मी पाहिलं आहे. हातात धरायचे हँड वॉर्मर बशीसारख्या फीडरच्या तळाला टेपने चिकटवणं हा वीज गेल्यावरचा चांगला उपाय. २०२४ च्या जानेवारीत पोर्टलंडला बर्फाच्या पावसाने झाडं कोसळून वीज गेली तेव्हा लोकांनी याच्यावरच निभावलं.

फीडरचा प्रकारही महत्त्वाचा. उलटी काचेची बाटली गोठली की तडकते, आणि उन्हात आली की आतली हवा प्रसरण पावून पाणी गळतं. थंडीसाठी बशीसारखा, वर झाकण असलेला फीडर बरा. तो वळचणीखाली, वाऱ्याच्या आडोशाला, शक्यतो पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे टांगा. काचेला चिकटवायचा फीडर असेल तर खिडकीतून झिरपणारी घरातली ऊब त्याला थोडी मिळते. जागा एकदा ठरली की बदलू नका. अर्धवट उजेडात पक्षी आठवणीवर येतो, बरोबर त्याच ठिकाणी, आणि तिथे फीडर नसला तर हवेत घिरट्या घालत ऊर्जा घालवतो.

भरताना अर्धंच भरा. दोन पक्ष्यांना दिवसाला चार-सहा चमचे लागतात, तिथे लिटरभर पाणी कशाला? स्वच्छतेत थंडी थोडी सूट देते. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी धुवायचा फीडर आता आठवड्यातून एकदा धुतला तरी चालतो, पण हीटर लावला असेल तर ही सूट विसरा. कोमट साखरपाणी हे बुरशीचं माहेर. गरम पाणी, बाटलीचा ब्रश, थोडं व्हिनेगर, भरपूर पाण्याने धुणं. भोकांच्या आतल्या बाजूला काळे ठिपके धरतात, तिथे जुना टूथब्रश चालवा.

एक गोष्ट बहिणीला आवर्जून सांगा. ॲनाज नर फारच हक्क गाजवणारा असतो. जवळच्या फांदीवर बसून तो फीडरची राखण करतो आणि इतरांना पिऊ देत नाही. एरवी यात पडायचं कारण नाही, पण कडाक्यात हाकललेल्या पक्ष्याला तेवढी फेरीसुद्धा परवडत नाही. घराच्या दुसऱ्या बाजूला, पहिल्या फीडरवरून दिसणार नाही असा, दुसरा टांगा. एक नर दोन्हीकडे लक्ष ठेवू शकत नाही.

आणि जागा असेल तर झाडं लावा. फीडर म्हणजे जोडधंदा, खरं जेवण झाडांवर. पश्चिमेला महोनियाची 'चॅरिटी' नावाची जात नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत पिवळी फुलते आणि तिच्यावर दिवसभर हमिंगबर्ड असतात. ग्रेव्हिलियाही हिवाळ्यात फुलते. फेब्रुवारी-मार्चला तिथलीच रानटी लाल करंट फुलते. तुमच्याकडे न्यू जर्सीत उशिरापर्यंत फुलणारी पाइनॲपल सेज आणि उन्हाळ्यासाठी वेलीवरची कोरल हनीसकल लावा. कीटकनाशकं मारू नका. साखर फक्त इंधन देते. अंग भरतं ते किड्यांनी.

पुण्या-मुंबईतून हे वाचणाऱ्यांसाठी मध्येच एक. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत. आपल्याकडे जास्वंदीवर येतो तो शिंजीर, त्याचं घराणं अगदी निराळं. त्याच्यासाठी साखरपाण्याचे लाल फीडर टांगू नका. आपल्याकडे हिवाळा सरता सरता पळस, पांगारा, काटेसावर फुलतात, बाल्कनीत हॅमेलिया किंवा जास्वंद असली की शिंजीर आपला आपण येतो. गंमत म्हणजे ही हॅमेलिया मूळची अमेरिकेतली, आणि तिकडे तिच्यावर हमिंगबर्डच येतात.

आता अडचणीच्या वेळा. पहाटे पक्षी फीडरच्या दांडीवर फुगून बसलेला, डोळे मिटलेले, किंवा नखांनी धरून चक्क उलटा लटकलेला दिसला तर तो मेलेला आहे असं धरून चालू नका. बहुधा तो त्या शीतनिद्रेत आहे. हात लावू नका, हलवू नका, मुलांना आणि मांजराला लांब ठेवा आणि ऊन वर येईपर्यंत वाट बघा. चोचीजवळ जाऊन फुंकर मारणारे लोक असतात; कृपा करून तसं करू नका.

जमिनीवर पडलेला असेल, तासाभरानेही उडत नसेल, किंवा खिडकीवर आपटलेला असेल तर गोष्ट वेगळी. पुठ्ठ्याचं छोटं खोकं घ्या, झाकणाला भोकं पाडा, तळाशी मऊ टिश्यू पेपर ठेवा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यात नखं अडकतात. पक्षी अलगद आत ठेवा, खोकं उबेच्या, अंधाऱ्या, शांत जागी ठेवा आणि लगेच जवळच्या परवानाधारक वन्यजीव-शुश्रूषा केंद्राला फोन करा. केंद्र लांब असेल तर वाटेत साखरपाण्याचा थेंब चोचीच्या टोकाला लावता येतो; प्यायचं असेल तर तो जीभ काढून पितो. तोंडात ओतायचं नाही, पिसांवर सांडू द्यायचं नाही. चिकट पिसांनी त्याला ऊब धरता येत नाही.

क्वचित, फार कडक थंडीत, पक्ष्याचे पाय धातूच्या दांडीला किंवा जीभ बर्फाळ भोकाला चिकटते. ओढू नका. फीडर तसाच, पक्ष्यासकट, अलगद घरात आणा. चिकटलेल्या जागी कोमट पाण्याचा बोळा धरा, मिनिटभरात सुटतो. मग खोकं आणि फोन. मोकळा झाला म्हणून लगेच उडवून देऊ नका, जिभेला इजा झालेली असू शकते आणि ती बघायला आमच्यासारख्यांचीच गरज लागते.

शेवटचा प्रश्न, डिसेंबरातल्या भारतवारीचा. न्यू जर्सीत तुमच्याकडे नोव्हेंबरअखेरीपर्यंत कोणी उरलेलं नसेल, तर फीडर धुवून, वाळवून कपाटात ठेवा आणि निर्धास्त जा. बहिणीचं तसं नाही. सौम्य हवामानात पक्षी चार अंगणं फिरत असतो, एक फीडर रिकामा झाला तर दुसरीकडे जातो. पण तीन-चार आठवड्यांच्या सुट्टीत सिॲटलला एखादी थंडीची लाट येऊ शकते. २०२१ मध्ये नाताळानंतर लगेच अशीच आली होती, आणि तेव्हा बरीच घरं रिकामी होती. म्हणून शेजारी शोधा, किल्लीबरोबर फीडर त्यांच्या हाती द्या आणि त्यांच्याच खिडकीजवळ टांगायला सांगा. त्यांना पहाटे तुमच्या अंगणात यायला लावलं तर चार दिवस येतील. जायच्या आठवडाभर आधी तो तुमच्या घराकडून त्यांच्या घराकडे थोडा थोडा सरकवा, म्हणजे पक्ष्याला नवी जागा सापडते. साखरपाणी करून फ्रिजमध्ये ठेवा, बाटलीवर तारीख लिहा, जास्त दिवसांसाठी साखरेची पिशवी आणि वाटी देऊन जा. कोणीच मिळत नसेल तर जायच्या आधी दोन आठवडे फीडर हळूहळू कमी भरत जा, म्हणजे पक्षी बाकीच्या जागांवर जास्त विसंबतो. पण बाहेर गोठतं असेल तर हा उपाय करू नका.

परत आल्यावर बहिणीने फीडर लगेच सुरू करावा. ॲनाज मादी तिकडे फेब्रुवारीतच घरट्यावर बसते. दोन अंडी, सुमारे सोळा दिवसांची उबवण, आणि नराची काडीचीही मदत नाही. अंडी फार वेळ उघडी टाकता येत नाहीत, म्हणून तिला लांब चरायला जाणं परवडत नाही. तुमच्याकडचे रूबी-थ्रोटेड नर एप्रिलच्या मध्यानंतर येऊ लागतात. महिन्याच्या सुरुवातीलाच फीडर धुवून, अर्धा भरून, गेल्या वर्षीच्याच खिळ्याला टांगा.